पेट्यांचं नंतर बघू, आधी वाट मागा

प्रश्न थोडक्यात असा. वापरात नसलेल्या एका जुन्या बोगद्यात किडे खाणाऱ्या वटवाघळांची वसाहत आहे. तिथल्या मंडळींनी खटपट करून तोंडाला लोखंडी जाळी बसवली, कुलूप घातलं, पाटी लावली. तरी तीन वर्षांत संख्या निम्म्यावर आली. आता बोगद्यासमोरचा, ओढ्याच्या कडेने जाणारा रस्ता रुंद होणार आहे. झाडं तुटणार, दिव्यांचे खांब उभे राहणार. भरपाई म्हणून ठेकेदार वाघळांना राहायला लाकडाच्या पन्नास पेट्या झाडांवर टांगून द्यायला तयार आहे. विचारलंय ते असं: पेट्या घ्याव्यात की आणखी काही मागावं? आणि बोगद्याला कुणी हातही लावलेला नसताना वाघळं गेली कुठे?

गेली बावीस वर्षं माझं काम एकच आहे: संध्याकाळी कुठल्यातरी भोकासमोर बसायचं आणि बाहेर पडणारी वाघळं मोजायची. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. आणि सुरुवात तुम्हाला आवडणार नाही अशा ठिकाणाहून करतो, म्हणजे तुमच्या जाळीपासून.

'जाळी' हा शब्द तुम्ही सहज लिहिला असेल आणि प्रत्यक्षात आडवे गज असतील, तर बरंच आहे. पण खरोखरच कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी चौकोनी भोकांची जाळी असेल, तर निम्मा घोटाळा तिथेच आहे. उडत्या वाघळाला पार व्हायला आडवी मोकळी फट लागते. म्हणून गुहांच्या दारांना गज आडवे घालतात, दोन गजांमध्ये साधारण १५ सेंटिमीटर जागा सोडतात आणि उभे आधार जमतील तितके लांब लांब ठेवतात. जाळी असली की वाघळाला आधी तिच्यावर उतरावं लागतं, मग सरपटत भोकातून शिरावं लागतं. मांजराला, घुबडाला, सापाला हे कळायला आठवडासुद्धा लागत नाही. एका खाणीच्या तोंडाशी मी हे जवळून पाहिलंय. जाळीच्या खालच्या कोपऱ्यात मांजर बसलं होतं, एक पंजा उचलून, अजिबात घाई न करता. त्याच्यासमोर पंखांच्या तुकड्यांचा नुसता खच पडला होता, वाळलेल्या पानांसारखा. त्या दाराच्या उद्घाटनाला भाषणं झाली होती.

काही जातींना तर आडवे गजही चालत नाहीत. लांब, अरुंद पंखांची आणि सुसाट उडणारी मिनिऑप्टेरससारखी वाघळं किंवा शेपटी मोकळी असलेल्या जाती दारासमोर घिरट्या घालतात आणि काही दिवसांनी जागाच सोडतात. अशा ठिकाणी तोंड पूर्ण उघडं ठेवून, पुरेसं अंतर राखून बाहेरून उंच कुंपण घालायचं असतं. तुमच्याकडच्या जातीला काय चालतं हे कळायला सोपी युक्ती आहे. कायमचं दार घडवण्याआधी प्लास्टिकच्या नळ्या किंवा बांबू आडवे बांधून एका संध्याकाळपुरतं खोटं दार उभं करा आणि बघत बसा. वाघळं वेग न मोडता पार झाली तर ठीक. दारापाशी येऊन परत आत वळायला लागली तर त्याच क्षणी बांबू सोडवा.

दाराने हवाही अडते. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या वायनडॉट गुहेच्या तोंडाशी पूर्वी दगडी भिंत घातलेली होती. भिंतीमुळे थंड हवा आत जाईना, गुहा हिवाळ्यात हवी तेवढी गार होईना आणि तिथे शीतनिद्रेला येणारी इंडियाना वटवाघळं घटत गेली. १९७७ साली ती भिंत काढल्यावर त्यांची संख्या पुन्हा वाढू लागली. आत कुणी पाऊल टाकलं नव्हतं, कुणी मशाल पेटवली नव्हती, फक्त वारा अडला होता. तेव्हा तुमच्या बोगद्याच्या दोन तोंडांपैकी एक कुणी 'सुरक्षेसाठी' विटांनी बंद केलंय का, हे एकदा बघून या. दुरुस्ती मात्र पिल्लांच्या हंगामात करायची नाही आणि शीतनिद्रेच्या काळातही नाही. शिवाय बहुतेक देशांत अशा कामाला परवानगी लागते. ती आधी काढा.

आता दार ठीक आहे असं धरून पुढे जाऊ. मग घोटाळा वाटेत असणार, म्हणजे बोगद्यापासून चरण्याच्या जागेपर्यंतच्या त्यांच्या रोजच्या उडण्याच्या वाटेत, आणि मला हेच जास्त संभवनीय वाटतं.

पिल्लू असलेल्या मादीची एक रात्र डोळ्यांसमोर आणा. दिवस मावळला की ती निघते. दूध द्यायचं असल्याने एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक किडे तिला खावे लागतात. मध्यरात्रीच्या सुमारास ती परत येऊन पिल्लाला पाजते, पुन्हा निघते आणि पहाटे परतते. म्हणजे मुक्काम आणि चरण्याची जागा यांच्यात रात्रीतून चार फेऱ्या. बहुतेक जातींना वर्षाला एकच पिल्लू होतं. वाटेत प्रत्येक फेरीला पंधरा मिनिटांचा वळसा पडला, तर तो पिल्लाच्या वजनात दिसतो. त्या वर्षी वाघळं मरत नाहीत, फक्त नवी भर पडत नाही. उलट मोठी वाघळं बरीच वर्षं जगतात (सायबेरियात कडं घातलेलं एक ब्रँट्स वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं होतं). त्यामुळे वाट तुटल्यावरही पुढची काही वर्षं वसाहत भरलेली दिसते, आणि मग एकदम रिकामी झाल्यासारखी वाटते. तुमची तीन वर्षं मोजू नका. सहा-सात वर्षांपूर्वी आसपास काय झालं होतं ते आठवा. कुठे कुंपणाची झुडपं काढली? कुठे मैदानाला दिवे आले? ओढ्याचा काठ कधी सिमेंटने बांधला?

मोकळं आकाश असताना उडणाऱ्या प्राण्याला ठराविक वाटच का लागावी, असं लोक नेहमी विचारतात. उत्तर त्याच्या आवाजात आहे: ते ओरडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतं. घोड्याच्या नालेसारखं नाक असलेली हॉर्सशू वाघळं घ्या. त्यांतलं मोठं साधारण ८० किलोहर्ट्झवर ओरडतं, छोटं ११० च्या आसपास. एवढा बारीक आवाज हवेत फार लवकर विरतो, काही मीटरच्या पलीकडचा प्रतिध्वनी परत येतच नाही. अंधाऱ्या बोळातून भिंतीला हात लावत चालावं आणि अचानक भिंतच संपावी, तशी त्यांची मोकळ्यावर अवस्था होते. (वटवाघळं आंधळी नसतात. त्यांना दिसतं, पण किडा पकडायला आणि फांदी चुकवायला दिसणं पुरत नाही.) म्हणून ती झाडांच्या रांगेला, बांधावरच्या झुडपांना, ओढ्याच्या काठाला चिकटून जातात. तिथे वारा कमी असतो, किडे गोळा झालेले असतात आणि संधिप्रकाशात टपलेल्या शिकारी पक्ष्यांपासून आडोसा मिळतो. रांगेत दहा-बारा मीटरची फट पडली तरी काही जाती तिथून मागे फिरतात.

सगळी वाघळं अशी नसतात. उंच आणि वेगात उडणारी वाघळं झाडांच्या रांगांकडे ढुंकून बघत नाहीत, आणि फळं खाणाऱ्या मोठ्या वाघळांची तर गोष्टच वेगळी आहे. म्हणून बोगद्यात कोणती जात आहे हे ठरल्याशिवाय कोणताही आराखडा कागदावर आणू नका. तुम्ही 'छताला सुटी सुटी, पंख अंगाभोवती गुंडाळून लटकतात' असं लिहिलंय, त्यावरून मी हॉर्सशूचा कयास बांधतोय. तो चुकीचा असेल तर पुढचं बरंचसं बदलेल.

वाट तोडायला कुऱ्हाडच लागते असं नाही, एक दिवासुद्धा पुरतो. ब्रिटनमध्ये एमा स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. छोटी हॉर्सशू वाघळं रोज ज्या झुडपांच्या कडेने जात, तिथे त्यांनी रस्त्यावर असतात तसे सोडियमचे दिवे लावले. झुडपांचं एक पानही तोडलं नाही. तरी वाघळांची ये-जा एकदम घटली आणि जी गेली तीही उशिरा निघाली. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे एलईडी दिवे लावून, उजेड बराच कमी करूनही पाहिलं, तरी ही जात बिचकलीच. हंगेरीत आणखी एक गोष्ट दिसली. बाहेरून रोषणाई केलेल्या इमारतींमधली वाघळं उशिरा बाहेर पडत होती आणि तिथली पिल्लं अंधाऱ्या इमारतींमधल्या पिल्लांपेक्षा लहानखुरी राहिली होती. किड्यांची सगळ्यात जास्त गर्दी संधिप्रकाशात असते. अर्धा तास उशीर म्हणजे पंगत उठल्यावर पोचणं.

इथे ठेकेदार तुम्हाला हमखास सांगेल की वाघळं तर दिव्याभोवतीच फिरताना दिसतात. खरं आहे, दिसतात. पिपिस्ट्रेलसारख्या काही चपळ जाती दिव्यावर जमलेले किडे टिपतात. पण ते किडे आसपासच्या अंधारातून ओढले गेलेले असतात. म्हणजे लाजऱ्या जातींची वाटही गेली आणि अन्नही गेलं. नेदरलँड्समध्ये वेगवेगळ्या रंगांच्या दिव्यांची तुलना करणारा मोठा प्रयोग झाला. त्यात मायोटिस आणि लांब कानांची प्लेकोटस वाघळं पांढऱ्या आणि हिरव्या उजेडापासून दूर राहिली, पण तांबड्या उजेडात ती जवळजवळ अंधाराइतकीच आढळली. तिथल्या न्यूकोप गावातल्या एका वस्तीत म्हणून रस्त्यावर तांबडे दिवे लावले आहेत. पण तांबडा दिवा हा तडजोडीचा मार्ग आहे. वाटेवर दिवाच नसणं हे सगळ्यात बरं. तो टाळताच येत नसेल तर बुटका खांब, खाली झुकलेलं झाकण, पिवळसर-तांबूस उजेड आणि वर्दळ संपल्यावर बंद होणारं टायमर, या क्रमाने मागत जा.

रस्त्याचं तंत्र आणखी अवघड आहे, आणि तिथे फसव्या उपायांचा सुळसुळाट आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यांवर उंच तारा ताणून 'वटवाघळांचे पूल' उभारले गेले. कल्पना अशी की झाडांची रांग जिथे तुटली तिथे तारांच्या आधाराने वाघळं उंचावरून रस्ता ओलांडतील. अ‍ॅना बर्थिनुसेन आणि जॉन अल्ट्रिंगहॅम यांनी तिथे बसून मोजलं. २०१२ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा की, बांधून नऊ वर्षं झालेल्या पुलाचाही वाघळं फारसा वापर करत नव्हती. पूल शेजारी असताना बहुतेक वाघळं जुन्याच वाटेने, गाड्यांच्या उंचीवरून रस्ता पार करत होती. त्यांनी रस्त्याखालचे तीन मार्गही तपासले. त्यांतला एकच उपयोगी ठरला, पण तो इतका की तिथली ९६ टक्के वाघळं रस्त्याखालून गेली. त्याचं वैशिष्ट्य काय होतं? तो रस्ता होण्याआधीच्या मूळ वाटेवर बांधला होता आणि त्यातून जाताना वाघळांना उडण्याची उंची बदलावी लागत नव्हती.

हे वाचण्याआधी तीच चूक मी करून बसलो होतो. एका रस्त्याच्या कामात वाघळांची वाट जिथे छेदली जात होती तिथे भराव कमी होता, मोरी बसत नव्हती. चाळीसेक मीटरवर पाण्यासाठी मोरी होणारच होती. मी म्हटलं, झाडांची रांग जरा वळवून तिकडे नेऊ. कागदावर फार सुंदर दिसलं. झाडं लावली, ती जगलीही. तिसऱ्या वर्षी मी त्या मोरीपाशी बसलो तर तासाभरात तीन वाघळं आली. मग जुन्या जागी जाऊन उभा राहिलो. वाघळं अजून तिथूनच जात होती, गाडीच्या बॉनेटच्या उंचीवरून, दोन गाड्यांमधल्या जागेतून. चाळीस मीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही. त्यांना तो दुसराच मुलूख. रस्त्यावर मेलेली वाघळं फारशी सापडत नाहीत, म्हणून कुणाला काही चुकतंय असं वाटतही नाही. पाच-सात ग्रॅमचा जीव, गाडीच्या झोताने कडेच्या गवतात उडतो आणि उजाडायच्या आत कावळा किंवा मुंगूस उचलून नेतं.

म्हणून सगळ्यात आधी तुमची वाट नेमकी कुठून जाते ते शोधा. नकाशावर झाडांची हिरवी रेघ बघून ठरवू नका. त्याला पाच-सहा माणसं, घड्याळं आणि वारा-पाऊस नसलेल्या चार संध्याकाळी लागतात.

पहिल्या संध्याकाळी फक्त बोगद्याच्या तोंडाशी बसा. तोंडाच्या अगदी समोर नको, बाजूला, आणि अशा बेताने की बाहेर पडणारं वाघूळ उजळ आकाशासमोर काळं दिसेल. आधी काही वाघळं दारापर्यंत येऊन परत आत वळतील. बाहेर कितपत अंधार झालाय ते ती बघून जातात. हॉर्सशूंमध्ये हे हमखास दिसतं. मग एक निघेल, मग दोन-तीन, मग ओघ लागेल. ती कोणत्या बाजूला वळतात, किती उंचीवर आहेत, एवढंच टिपा. दुसऱ्या संध्याकाळी त्या दिशेला जिथे जिथे रांगेत फट आहे तिथे एकेक माणूस उभा करा: फाटकाशी, ओढ्याच्या वळणावर, रस्त्याच्या कडेला. प्रत्येकाने पहिलं वाघूळ गेल्याची वेळ लिहायची. बोगद्यापाशी ७.०४, फाटकाशी ७.०६, वळणावर ७.०९ अशी साखळी जुळली की वाट सापडली. पुढच्या फटीपाशी कुणालाच काही दिसलं नाही, तर मधल्या तुकड्यात ती वळली किंवा मागे फिरली. तिसऱ्या दिवशी माणसं तिथे सरकवा.

बॅट डिटेक्टर, म्हणजे वाघळांचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज ऐकवणारं यंत्र, मिळाला तर काम सोपं होतं, पण त्यातही एक मेख आहे. नवशिके तो ४०-४५ किलोहर्ट्झवर ठेवतात, कारण बरीचशी साधी वाघळं तिथे ऐकू येतात. हॉर्सशू तिथे ऐकूच येणार नाहीत. काटा ८० वर न्या, मग ११० वर. टकटक ऐकू आली तर ती दुसरी जात. हॉर्सशूचा आवाज लहरत्या शिट्टीसारखा येतो, कुणीतरी पाण्यातून बासरी वाजवावी तसा. आणि तो सरळ समोर फेकला जातो, त्यामुळे तुम्ही वाटेपासून थोडं जरी बाजूला असलात तरी वाघूळ शेजारून जाईल आणि यंत्र गप्प राहील. 'डिटेक्टरवर काही आलं नाही, म्हणजे इथे वाट नाही' असा अहवाल कुणी पुढे केला तर यंत्र कुठे आणि किती दिवस ठेवलं होतं ते विचाराच.

पहाटेची फेरीही करा. संध्याकाळी वाघळं पांगतात, पहाटे ती जमतात, त्यामुळे वाट उलटीकडून जास्त स्पष्ट दिसते. येता-जाता मोऱ्यांच्या आत, पडक्या खोल्यांत, पुलाखाली जमिनीकडे बघत चला. पतंगांचे नुसते पंख पडलेले दिसले तर वर त्यांची जेवायला टेकण्याची जागा आहे. शेजारी बारीक काळ्या लेंड्या असतील. हातमोजा घालून एक चुरडून बघा. वाघळाची असेल तर कोरडा भुगा होईल आणि त्यात किड्यांच्या अंगाचे चमचमते कण दिसतील. उंदराची असेल तर ती अशी भुगाभुगा होणार नाही. रात्री मधेच विसावण्याच्या या जागा सर्वेक्षणात कायम सुटतात. बोगदा राखला आणि वाटेतली ती पडकी खोली पाडली, तर साखळीतली एक कडी गेलीच. एक खबरदारी: साचलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाऊ देऊ नका, आणि जमिनीवर पडलेलं वाघूळ उघड्या हाताने कधीच उचलू नका. रेबीजची शक्यता कमी असली तरी ती शून्य नाही. एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाणारे असाल तर बूट आणि दोर निर्जंतुक करा. उत्तर अमेरिकेत २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत प्रथम आढळलेल्या 'व्हाइट-नोज' बुरशीने लाखोंनी वाघळं मारली, आणि ती माणसांच्या कपड्यांवरूनही जाऊ शकते.

वाट हातात आली की मागण्या आपोआप ठरतात. ज्या ठिकाणी रस्ता वाटेला छेदतो त्याच ठिकाणी मोरी किंवा भुयारी मार्ग हवा, आणि तो उंच हवा. पाण्यापुरता नळा टाकून भागणार नाही. त्याच्या दोन्ही तोंडांपर्यंत झाडोरा येऊन भिडला पाहिजे. मधे दहा मीटर मोकळी माती ठेवली तर मोरी शोभेची. तिच्या आसपास दिव्याचा एकही खांब नको, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचा झोत आत शिरत असेल तर कडेला आडोसा हवा. मोरी शक्यच नसेल तर दोन्ही बाजूंची मोठी झाडं राखून वर फांद्या एकमेकींना भिडू द्या, म्हणजे निदान काही जाती गाड्यांच्या वरून जातील. हॉर्सशू मात्र खालूनच उडतात, तेव्हा याला मोरीचा पर्याय मानू नका. नवी लागवड करायची ती जुनी रांग तोडण्याच्या आधी, आणि ती उंच झाल्यावरच कुऱ्हाड. हे कधीच मान्य होत नाही, तरी लिहून द्या. त्यावरून मधल्या काळापुरती लाकडी कुंपणं किंवा जाळीचे पडदे उभारून रांग जोडून ठेवण्याची तडजोड तरी मिळते. आणि रस्ता झाल्यानंतर निदान पाच वर्षं मोजणीचा खर्च त्यांनीच करायचा. ही अट सगळ्यात शेवटी घाला, पण सोडू नका, कारण तिच्याशिवाय बाकीच्या अटी पाळल्या गेल्या का हे कुणालाच कळणार नाही.

राहिल्या पेट्या. तुमच्याकडे खरोखर हॉर्सशू असतील तर पन्नास पेट्यांपैकी एकही त्यांच्या कामाची नाही. ती फटीतून सरपटत शिरणारी वाघळं नव्हेत. उडत आत येतात आणि छताला मोकळी लटकतात. पेटीत येतील ती दुसऱ्या जातीची, जी कदाचित तिथे आधीच सुखात आहेत. पेट्यांमध्ये दहा वाघळं आली की अहवालात 'भरपाई यशस्वी' असं छापून येतं. शिवाय उन्हात टांगलेल्या पातळ लाकडाच्या गडद पेट्या इतक्या तापतात की आतली पिल्लं मरतात. पोकळ, वाळकी, ढोल्यांची झाडं वाचवता आली तर त्यातलं एक झाड दहा पेट्यांना भारी आहे. पण ते 'धोकादायक' म्हणून पहिलं तुटतं.

हे सगळं एका ओढ्यापुरतं झालं, पण जोडवाटांचा पल्ला कधी कधी देश ओलांडतो आणि तेव्हा झाडांची रांग हा विचारच लागू पडत नाही. मेक्सिकोतून अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनापर्यंत जाणारं छोटं लांबनाक्या वाघूळ निवडुंग आणि अगाव्ह (आपल्याकडच्या घायपातीच्या कुळातलं झाड) यांच्या फुलोऱ्यामागून उत्तरेला सरकतं. १९८८ मध्ये अमेरिकेने ते धोक्यातल्या जातींच्या यादीत टाकलं, तेव्हा ज्ञात संख्या हजाराच्याही आत होती. गुहा राखल्या, मेक्सिकोत अगाव्हपासून टकिला ही दारू बनवणाऱ्या काहींनी त्याची थोडी रोपं न कापता फुलू दिली, आणि २०१८ मध्ये सुमारे दोन लाख संख्येवर ते यादीतून बाहेर आलं. फुलं आणि फळं खाणाऱ्या वाघळांची वाट जमिनीवर शोधायची नसते. ती पंचांगात असते: कोणत्या महिन्यात कुठे काय फुलतं. त्यातला एक महिना रिकामा पडला की साखळी तुटली.

ऑस्ट्रेलियात पेगी एबी आणि सहकाऱ्यांनी पंचवीस वर्षांची माहिती जुळवून हेच दाखवलं. हिवाळ्यात फुलणारं रान कमी झालं तशी फळखाऊ वाघळं माणसांच्या आणि घोड्यांच्या जवळ छोट्या छोट्या टोळ्यांनी राहू लागली, आणि त्यांच्या अंगातला जीवघेणा हेंड्रा विषाणू घोड्यांत शिरण्याच्या घटना तिथे वाढल्या. ज्या हिवाळ्यात उरलेलं रान भरभरून फुललं, त्या हिवाळ्यात वाघळं तिकडे निघून गेली आणि अशी घटना घडली नाही. आजाराच्या भीतीने वाघळांची झाडं तोडायला निघालेल्या माणसाला मी हा अभ्यास सांगतो. पटतोच असं नाही.

तुमच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या येणार असल्याचंही तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. तिथे मागणी एकच आणि स्वस्त आहे. वाघळं मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात आणि त्याच रात्री वीज फारशी तयार होत नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात पाती फिरायला लागण्याचा वाऱ्याचा वेग नेहमीपेक्षा थोडा वर नेऊन पाहिला. वाघळांचे मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी कमी झाले आणि वर्षाच्या विजेतला तोटा जास्तीत जास्त एक टक्का होता. हे आकडे बैठकीला घेऊन जा.

आणि मुक्कामाभोवतीची जमीन विसरू नका. टेक्सासमधल्या ब्रॅकन गुहेत उन्हाळ्यात दीड-दोन कोटी वाघळं असतात, गुहा एका संवर्धन संस्थेच्या मालकीची आहे, तरी शेजारच्या जमिनीवर साडेतीन हजार घरांचा प्रकल्प आला तेव्हा सगळे हादरले, कारण ती घरं बरोबर त्यांच्या उड्डाणमार्गाखाली येत होती. २०१४ मध्ये ती १,५२१ एकर जमीन विकत घेऊनच तो प्रश्न मिटला. तुम्हाला एवढं करावं लागणार नाही. बोगद्याच्या तोंडापासून ओढ्यापर्यंतचा दोन-तीनशे मीटरचा तुकडा कुणाच्या नावावर आहे, एवढं आधी काढा. बहुतेकदा तो दोन-तीन माणसांचा असतो, आणि त्यांना कुणी कधी काही विचारलेलंच नसतं.

बैठकीची तारीख जवळ असेल तर या आठवड्यात दोनच कामं करा. भर दुपारी दार बघून या, शक्यतो फोटो काढून. आणि एका स्वच्छ संध्याकाळी मोजणीला बसा. टॉर्च तांबडी असली तरी भोकावर मारू नका, वहीवर मारा. आत परतलेली वाघळं वजा करत चला, नाहीतर एकच वाघूळ चार वेळा मोजलं जातं. शेवटचं गेलं असं वाटून सगळे उठायला लागतील, तेव्हा तुम्ही आणखी दहा मिनिटं बसा. उशिरा निघणारी काही असतातच.